अभ्र्यातली गोटी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

वन्संना आज वॉकर धरून चालवलं. खाटेपासून दारापर्यंत, दारापासून खाटेपर्यंत. मी दारात उभी राहून त्यांच्याकडे तिकीट मागितलं. वन्सं हसल्या. त्यांना हसवणं ही माझी जुनी विद्या.

खुब्याचं हाड जुळलंय. पण डॉक्टर म्हणाले, यापुढे जिना नाही आणि एकटं राहणं नाही. नणंदबाई जन्मभर एकट्याच राहिलेल्या. टेलिफोन खात्यात नोकरी, तिसऱ्या मजल्यावर खोली, ना कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती खोली सोडावीच लागली. या आरामगृहातही मार्चअखेरपर्यंतच ठेवतात. मग जायचं कुठं?

मी तिथल्या तिथं सांगून टाकलं — इथून सुटलात की थेट माझ्याकडे. माझं घर तळमजल्यावर, मागची खोली नुसती खोक्यांनी भरलीय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वॉकरकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं बिचारीच्या. मी म्हटलं, रडू नका, वॉकर गंजेल.

सिस्टर बरोबर होती. ती आमच्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावर राहते. जन्म हॉस्पिटलात गेला म्हणून सगळ्यांची सिस्टर, आणि इथं आल्यापासून माझी जिवाभावाची. सकाळचा चहा आम्ही दोघी एकत्रच घेतो. माझ्या नणंदेचे व्यायाम करून घ्यायला स्वतःचे दुखरे गुडघे घेऊन ती आठवड्यातून दोनदा जाते. कोण करतं कुणासाठी एवढं?

आता फक्त वस्तीला विचारायचं. कुणी महिन्याहून जास्त राहायला यायचं तर सगळ्या घरांचा होकार लागतो. मिळेल की! मला कोण नाही म्हणतंय.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

येत्या रविवारच्या बैठकीसाठी माझा विषय घेतला. प्रोफेसरीणबाईंनी फळ्यावर लिहिलं — "नवीन सहनिवासी : विचारविनिमय." मी म्हटलं, बाई, सहनिवासी नाही हो, माझी नणंद आहे.

या प्रोफेसरीणबाईंनीच ही वस्ती उभी केली. प्रत्येकाचं घर वेगळं, पण अंगण एक, कपडे धुण्याची खोली एक, संध्याकाळचं जेवण एका स्वयंपाकघरात. हे गेल्यावर मी इथं आले तेव्हा बाईंनी मला बसवून समजावलं होतं : इथं मतदान नाही, इथं सहमती. जास्त लोकांनी मिळून कमी लोकांना दाबायचं नाही. एकाचीही हरकत असली तरी थांबायचं. मी गावच्या शाळेत शिकलेली बाई, मला तेव्हा फार भारी वाटलं होतं. आता माहीत झालंय. सहमती म्हणजे सगळे दमेपर्यंत बोलायचं आणि दमले की हो म्हणायचं. कपड्यांच्या खोलीचं दार निळं करायचं की हिरवं, यावर आम्ही एक उन्हाळा काढला. शेवटी दार रंगवलंच नाही. त्यावर मात्र एकमत झालं.

त्यातून गोटीची युक्ती निघाली. माझीच! लोक बैठकीत माना हलवायचे आणि जिन्यात कुरकुर करायचे. तोंडावर नाही म्हणायची भीड. मी म्हटलं, भिडस्तांची सोय करू. उशीचा एक जाड अभ्रा घेतला, तोंडाला नाडी शिवली. प्रत्येक घराला एक काचेची गोटी, सगळ्या एकसारख्या पांढऱ्या. अभ्रा फिरतो, प्रत्येकजण मूठ आत घालतो. हरकत असेल तर गोटी आत सोडायची, नसेल तर मुठीतच परत आणायची. शेवटी अभ्रा झटकायचा. एक जरी गोटी पडली तरी विषय थांबला. कुणाची ते विचारायचं नाही, तोच नियम. निघताना सगळ्यांनी आपापली गोटी दारातल्या बरणीत टाकायची, त्या गडबडीत कोण कुणाचा हात बघतंय?

बाईंना इतकी आवडली की त्यांनी त्यावर भाषण केलं.


शनिवार, ८ फेब्रुवारी

मागची खोली रिकामी केली. खोकी पलंगाखाली ढकलली. वन्संच्या खाटेची जागा ठरवली — भिंतीकडे नको, दाराकडे, म्हणजे मला माझ्या खोलीतून बोलता येईल. दिवसभर बोलायला माणूस! यांच्यानंतर घर कसं आंबलं होतं.


रविवार, ९ फेब्रुवारी

गोटी पडली.

एकच. अभ्रा मीच झटकला आणि ती सतरंजीवरून घरंगळत थेट माझ्याच पायाशी आली. क्षणभर मला वाटलं, मागच्या वेळची राहिली असेल. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "एका घराची हरकत आहे. आपण तिचा आदर करू या."

आदर! ज्यानं गोटी टाकली त्याच्या आदरासाठी मी उठून उभी राहू का, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

नियम असा की पुढच्या रविवारी सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि त्याच्या पुढच्या रविवारी परत अभ्रा फिरवायचा. दुसऱ्यांदाही पडली तर विषय वर्षभर बंद. वर्षभर! वन्सं काय वर्षभर बाकावर बसणार?

सिस्टर घरापर्यंत सोडायला आली. पाठीवरून हात फिरवला. न बोलता सोबत करावी ती हिनंच.


सोमवार, १० फेब्रुवारी

दातवाला. दुसरं कोण असणार?

समोरच्या घरातला. दातांचा डॉक्टर होता, आता दवाखाना मुलाला दिलाय आणि स्वतः दिवसभर खिडकीत. माझा रेडिओ मोठा, माझं हसणं मोठं, माझी कुंडी त्याच्या उन्हात. एक माझ्यासारखी कमी पडते का, अजून एक आणते म्हणून टाकली असेल गोटी.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

दातवाल्याच्या दाराला दात पडलेला कंगवा बांधून आले. खाली चिठ्ठी — "पेशंट आलाय."

दुपारी आला कंगवा घेऊन. हसतोय का चिडतोय, अंदाज घेत होते. दोन्ही नाही. म्हणाला, "काकू, गोटी माझी नव्हती. माझी असती तर मी तोंडावर सांगितलं असतं. मला कुठं भीड आहे?" मग म्हणाला, तुमच्या न्हाणीघराच्या दारातून वॉकर जात नाही, मी पट्टी घेऊन मोजलंय, उंबरा काढावा लागेल.

मी मान डोलावली. विश्वास नाही ठेवला. चोर कधी पट्टी घेऊन येत नाही असं थोडंच आहे.


रविवार, १६ फेब्रुवारी

ऐकून घ्यायची बैठक झाली. गोल बसायचं, एकेकानं बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. मला मध्ये तोंड न घालणं म्हणजे शिक्षाच. मांडीखाली हात घालून बसले.

काय गोड गोड बोलले सगळे! वन्सं आल्या तर आनंदच आहे. वन्संनी संध्याकाळच्या भाज्या बसून निवडल्या तरी पुष्कळ. वन्संना वरच्या पोरांना गोष्टी सांगता येतील. माझी नणंद आणि गोष्टी! ती फोनवर जन्मभर "थांबा, जोडून देते" एवढंच बोलली. प्रोफेसरीणबाई बोलल्या ते मला कळलं नाही, पण सूर चांगला होता. दातवाला म्हणाला, उंबऱ्याचं बघा.

सिस्टरची पाळी आली. ती म्हणाली, "पुढं." एवढंच. आपल्याला बोलायचं नसेल तर असं म्हणायची मुभा आहे. गळा दाटला असेल तिचा. वन्सं आणि ती इतक्या जवळ आल्यात आता. परवा मी आरामगृहात गेले तर दोघींचं काहीतरी हलक्या आवाजात चाललं होतं, मी शिरल्यावर थांबल्या. मी म्हटलं, माझीच निंदा चालली असेल, चालू द्या! दोघी हसल्या.

मग हरकत आहे कुणाची? सगळेच जर हो म्हणताहेत तर गोटी काय अभ्र्यानं घातली?


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

युक्ती सुचली. इथं लिहिते, दुसरीकडे कुठं बोलायची सोय नाही.

गोट्या दिसायला एकसारख्या. पण नाकाला?


शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळी बरणी घरी आणली. म्हटलं, गोट्या फार मळल्यात, धुवून घरोघर नेऊन देते, त्या निमित्तानं सगळ्यांना भेटणं होईल. बाई म्हणाल्या, किती छान कल्पना. बिचाऱ्या.

दातवाल्याला लवंगेचं तेल, त्याला काय कळणार, त्याचे हातच तसे वास मारतात. जिन्याखालच्या नवराबायकोला कापूर. वरच्या पोरांच्या आईला निलगिरी. रंगाऱ्याला डांबरगोळी. प्रोफेसरीणबाईंना कांदा! डोळ्यांतून चार टिपं आली तर बरंच. प्रत्येक गोटी तासभर मुरवली, फडक्यानं पुसली, वेगवेगळ्या पुडीत बांधली. नाकाजवळ नेल्याशिवाय कळणार नाही इतपतच.

सिस्टरची नुसती साबणानं धुतली, खळखळून पाण्यातून काढली आणि उन्हात ठेवली. माझीही तशीच. तिच्यावर संशय घ्यायचा म्हणजे आपल्याच हातावर घ्यायचा.

हे असते तर म्हणाले असते, अगं तू सुधारणार कधी. मी म्हटलं असतं, तुम्ही आधी सुधारून दाखवा.


रविवार, २३ फेब्रुवारी

पडली. परत एकच.

मी झडप घालून उचलली. रुमालात धरून नाकाला लावली, शिंक आल्यासारखं केलं. काही नाही. लवंग नाही, कापूर नाही, कांदा नाही. परत हुंगली. काचेला कसला वास असतो? वास उडून गेला असेल. इतक्या मेहनतीवर पाणी.

विषय वर्षभर बंद. बाईंनी फळा पुसला. मी गोटी ओच्यात घातली आणि कुणाशी न बोलता घरी आले.


सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. बरणी उघडली.

भपकन आला. कापूर, निलगिरी, डांबरगोळी. कांद्यानं तर अख्खी बरणी नासवली होती. एकेक गोटी काढून पुसून हुंगली. लवंग आहे. कांदा आहे. सगळे आहेत. माझी काल घरातून निघताना कपाटावरच ठेवली होती, ती तिथंच.

कुणाचाही वास उडालेला नाही.

कोऱ्या दोनच होत्या. एक माझी. दुसरी काल ओच्यात घातलेली.


मंगळवार, २५ फेब्रुवारी

चहाला दार उघडलं नाही. तिनं दोनदा वाजवलं. मग तिची पावलं गेली, एक पाय ओढत.


बुधवार, २६ फेब्रुवारी

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी दातवाल्याच्या दाराला कंगवे बांधत फिरले आणि इकडे कुंपणानंच शेत खाल्लं. रोज माझ्या घरात बसून, माझ्या कपातून चहा पिऊन. माझ्या नणंदेचे पाय हातात घेऊन व्यायाम करून घ्यायचे आणि तिकडे अभ्र्यात हात घालून तिच्याच पायाखालची जमीन काढून घ्यायची. दोन वेळा. एकदा चुकून झालं असं म्हटलं असतं. दुसऱ्यांदा माझी ती दशा बघून केलंय तिनं.

का? मला एकटीलाच ठेवायचंय तिला? वन्सं आल्या तर तिचा चहा बंद होईल म्हणून? केसानं गळा कापायचा तो इतक्याशासाठी?

आणि मला बोलताही येत नाही. कुणाची गोटी ते विचारायचं नाही हा नियम माझा. गोटीला वास लावलेला हातही माझा.


गुरुवार, २७ फेब्रुवारी

आरामगृहात गेले वन्संना सांगायला. वाटेत शब्द जुळवत होते. सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे गं वहिनी." लगेच. चेहरा उलट हलका दिसला. मला बरं वाटावं म्हणून! किती धीराची बाई. मलाच रडू आलं, त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. म्हणाल्या, सिस्टर आली नाही या आठवड्यात?

मी म्हटलं, तिचं नाव काढू नका.

त्या खिडकीकडे बघत बसल्या. शेजारच्या खाटेवरची बाई लोकर विणत होती, तिनं एकदा वन्संकडे बघितलं आणि परत टाके मोजायला लागली. मुखदुर्बळ आहे. इतक्या दिवसांत तिचा आवाज ऐकला नाही मी.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

संध्याकाळच्या जेवणाला सिस्टर माझ्यासमोर येऊन बसली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, आज नर्सबाई इकडे कशा, आज कुणाचं इंजेक्शन राहिलंय का? लोक हसले. मग मी म्हटलं, हिचा हात फार हलका हो, टोचलेलं कळतच नाही. परत हसले. तीही हसली थोडी. ताट अर्धं टाकून उठली.

बरं वाटलं. मग नाही वाटलं.


शनिवार, १ मार्च

कपड्यांच्या खोलीत गाठ पडली. ती चादरी पिळत होती, मी परत फिरणार तेवढ्यात तिनं चादरीचं एक टोक माझ्याकडे केलं. सवयीनं धरलं गेलं. दोघी दोन टोकांना उभ्या, चादर पिळतोय.

ती म्हणाली, "गोट्यांना वास तू लावलेलास ना?"

वर म्हणाली, प्रोफेसरीणबाई दोन दिवस साबणानं हात धूत होत्या. मी चादरीला आणखी एक पीळ दिला.

"माझ्या गोटीला का नाही लावलास?"

"तुझ्यावर विश्वास होता म्हणून."

तिनं चादर सैल सोडली. सगळं पाणी माझ्या पायांवर. मी विचारलं, का केलंस? काय वाईट केलंय त्या बाईनं तुझं? मी काय केलंय?

म्हणाली, "ते मी नाही सांगणार."

"मग मी काय समजू?"

"तुला समजायचं ते समज. माझ्याबद्दल वाईट समजलीस तरी चालेल मला."

घ्या! वर उपकार केल्यासारखं. चादर तिथंच टाकून आले.


मंगळवार, ४ मार्च

येत्या रविवारी सिस्टरचा विषय आहे. जिन्याखालचं जोडपं मुलाकडे राहायला चाललंय, त्यांचं तळमजल्याचं घर रिकामं होतंय. सिस्टरनं ते मागितलंय, दुसरा मजला सोडून. गुडघ्यांना आता जिना होत नाही तिला. उतरताना कठड्याला दोन्ही हात लावून आडवी उतरते, खेकड्यासारखी. ही उपमा मी तिला तोंडावर दिली होती, तेव्हा दोघी हसलो होतो.

सगळे हो म्हणणार. कुणाची काय हरकत असणार?


शुक्रवार, ७ मार्च

चहा एकटीचा केला की एक तर फार होतो नाहीतर कमी.


रविवार, ९ मार्च

टाकली.

अभ्रा माझ्याकडे शेवटी आला. आत हात घातला. आत गार होतं, रिकामं. मूठ उघडली. काही जड नाही जात, गोटी आपोआप सुटते.

झटकला बाईंनी. मी मुद्दाम मागे बसले होते. पडली तसे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रंगारी म्हणाला, "काय चाललंय काय या वस्तीत?" बाईंनी आदराचं ते वाक्य म्हटलं, पण अर्ध्यावर सोडलं. दातवाला माझ्याकडे बघत होता. बघू दे.

सिस्टरनं कुणाकडेच बघितलं नाही. ओढणी सारखी केली, म्हणाली, ठीक आहे. उठताना खुर्ची धरून उठली. मग जिना चढायला लागली. आम्ही सगळे खाली उभे. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. कुणीतरी मदतीला पुढं झालं तर हातानंच नको म्हणाली.

फिटंफाट. माझ्या माणसाला तिनं दार लावलं, तिला मी लावलं.


सोमवार, १० मार्च

आनंद व्हायला वेळ लागतो म्हणे. बघू.


मंगळवार, ११ मार्च

दातवाला न विचारता आला आणि न्हाणीघराचा उंबरा काढून गेला. मी म्हटलं, आता कशाला, येणार कोण आहे? म्हणाला, "तुम्ही म्हाताऱ्या होणार नाही का काकू?" छिन्नी पिशवीत घातली. दारातून वळून म्हणाला, सिस्टर काल दुपारपासून खाली उतरलेल्या नाहीत, त्यांचं जेवण मी वर नेऊन दिलं. तुमची जुनी मैत्री, म्हणून सांगितलं.

मी म्हटलं, माझी कुणाशी मैत्री नाही.

चेष्टेच्या सुरात म्हणायला गेले. सूर लागला नाही.


बुधवार, १२ मार्च

सकाळी वन्संना फोन लावला. म्हटलं, एवढं तरी बरं वाटू दे त्यांना. सांगितलं, तुमचा सूड उगवला मी, बसली सिस्टर वरच! गोट्यांचं पहिल्यापासून सगळं सांगितलं, कांद्यासकट. हसतील म्हणून थांबले.

हसल्या नाहीत.

म्हणाल्या, "वहिनी, गोटी माझी होती. हात तेवढा तिचा. मीच गळ घातली होती तिला."

मग म्हणाल्या, शेजारच्या खाटेवरच्या बाईबरोबर त्या खोली घेणारेत, तळमजल्याची. ठरलंय. "तू सगळ्या घरांना विचारलंस. मला नाही विचारलंस." मी तोंड उघडलं तर म्हणाल्या, थांब, बोलू दे. आणि मग अगदी हळू — "लग्न होऊन आलीस तेव्हापासून हसतेय मी, वहिनी. दमले गं आता. तुला हे कळू नये, एवढंच सिस्टरकडे मागितलं होतं."

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. चांगलं होतं, हसण्यासारखं.

गिळलं.